भिंत ओळंब्यात आहे का?

अण्णांचा ओळंबा पितळेचा आहे. वर पसरट, खाली निमुळता, चाळीस वर्षांच्या हाताळणीनं कडांना उजळलेला. दोरी कितीदा बदलली त्याचा हिशेब नाही, लाकडी ठोकळीही दोनदा नवी केली, पण गोळा तोच. गवंडीकाम सोडल्यावर थापी, रंधा, गुण्या सगळं त्यांनी माझ्या चुलतभावाला देऊन टाकलं. ओळंबा दिला नाही. तो अजून त्यांच्या पिशवीत असतो, चष्म्याच्या डबीशेजारी.

लहानपणी सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन कामावर जायचे. चार-पाच थर चढले की अण्णा ओळंबा काढत. ठोकळी वरच्या थराला टेकवायची आणि दोरी सोडायची. ठोकळी आणि गोळा अशा मापाचे असतात की भिंत उभी असेल तर गोळा खालच्या विटेला जेमतेम शिवतो. सुटून राहिला तर भिंत बाहेर झुकलीय, विटेवर रेलला तर आत. पण लगेच बघायचं नाही. गोळा आधी झुलतो, गिरक्या घेतो. "ठरू दे त्याला," अण्णा म्हणायचे. तो ठरेपर्यंत बोलायचं नाही असा काही नियम नव्हता, पण कुणी बोलत नसे. वारा असला की तो ठरायचाच नाही. मग बिगारी त्याच्या बाजूला घमेलं आडवं धरून बसायचा.

दुसरं हत्यार नजर. दोन कोपऱ्यांत दोरी ताणायची, तिच्या टोकाशी उकिडवं बसायचं, एक डोळा मिटायचा आणि दोरीच्या कडेनं बघत राहायचं. एखादी वीट सुतभर पुढे आली असेल तर ती अण्णांना लांबून दिसायची. "ओळंबा खोटं बोलत न्हाई आन् नजर चुकत न्हाई. बाकी समदं चुकतं," असं ते म्हणत.

मी आज अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. अण्णांची ही दोन हत्यारं म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि प्रकाश. जगातली प्रत्येक भिंत या दोघांच्या भरवशावर उभी आहे. आणि हे दोघं एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे मला कळायला पदवीनंतरची दोन वर्षं आणि अण्णांचं एक पडणं लागलं.

मी नववीत होते. तालुक्याच्या गावी एका इमारतीचं काम चाललं होतं. परांचीच्या एका बांबूची गाठ सुटली आणि अण्णा वीस फुटांवरून खाली आले. खाली वाळूचा ढीग होता म्हणून वाचले. मांडीचं हाड मोडलं, चार महिने अंथरुणात गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, पडताना काय वाटलं? अण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं आणि मला ते तेव्हा विचित्र वाटायचं. "पडताना कायबी वाटलं न्हाई. अंग हलकं झालं, जसं काय हायच न्हाई. हातातली थापी सुटली ती माझ्या तोंडाम्होरंच. खाली जाईना, वर जाईना. लागलं ते भुईचं लागलं."

पुढे कितीतरी वर्षांनी एम.एस्सी.च्या वर्गात सरांनी सांगितलं की 1907 साली बर्नच्या पेटंट कचेरीत बसलेल्या आइन्स्टाइनच्या मनात एक विचार आला, ज्याला तो नंतर आपल्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा विचार म्हणत असे: छपरावरून पडणाऱ्या माणसाला, पडत असेपर्यंत, स्वतःचं वजन जाणवत नाही. त्याच्या हातातून सुटलेली वस्तू त्याच्याच शेजारी राहते. मी वहीत लिहायची थांबले. अण्णांची थापी मला समोर दिसत होती.

आपण म्हणतो, पृथ्वी आपल्याला खाली ओढते आणि ती ओढ आपल्याला वजन म्हणून जाणवते. पण अण्णांना पृथ्वी पुरेपूर 'ओढत' होती तेव्हा काहीच जाणवत नव्हतं. आत्ता मी खुर्चीत बसून हे लिहितेय तर मला जाणवतोय तो खुर्चीचा रेटा. खुर्चीला जमिनीचा, जमिनीला खालच्या मुरमाचा, मुरमाला काळ्या पाषाणाचा. गुरुत्वाकर्षण म्हणून ज्याची आयुष्यभर सवय झालेली असते तो हा खालून वर येणारा रेटा असतो. अडवलं नाही तर प्रत्येक वस्तू आपापल्या वाटेनं निवांत जात असते, जड असो की हलकी, थापी असो की माणूस. सगळ्यांची वाट सारखीच. न्यूटनलाही हे माहीत होतं की जड आणि हलकं सारखंच पडतं, पण त्याच्या हिशेबात तो एक योगायोग होता. आइन्स्टाइननं तो योगायोग मानायला नकार दिला. सगळ्यांची वाट एकच असेल तर ती वाट वस्तूची नसते, जागेची असते. गावातून नदीकडे जाणारी पायवाट बैलालाही तीच आणि शेळीलाही तीच, तसं.

त्या वाटेत जागेबरोबर काळही असतो, हे कळायला मात्र मला बराच वेळ लागला. ते समजलं तेही विटांमुळे.

पहिल्या मजल्याचं काम असलं की बिगारी खालून वीट फेकतो आणि मिस्तरी वर झेलतो. बघणाऱ्याला वाटतं, केवढं हे कसब. अण्णा सांगायचे की कसब फेकणाऱ्याचं. वीट मिस्तरीच्या हाताशी येऊन क्षणभर थांबली पाहिजे. "थांबती तवा धरायची, तवा तिला वजन नस्तं." दहा फूट वर जायला विटेला साधारण पाऊण सेकंद लागतो. आता काळ आणि अंतर एकाच मापात मोजायचं ठरवलं तर एक सेकंद म्हणजे तीन लाख किलोमीटर, कारण प्रकाश तेवढ्यात तेवढं जातो. म्हणजे ती वीट दहा फूट वर गेली खरी, पण काळाच्या दिशेनं तिनं सव्वादोन लाख किलोमीटरची मजल मारली. एवढ्या लांबच्या प्रवासात तिची वाट दहा फुटांनी वळली. ती वाट जवळजवळ सरळच म्हणायची. आपल्याला फक्त तिची दहा फुटांची बाजू दिसते, म्हणून ती झपकन वळल्यासारखी वाटते.

आता एखाद्या खोलीतून आडवा जाणारा उजेडाचा किरण घ्या. दहा फूट जायला त्याला सेकंदाचा दहा कोटीवा हिस्सा लागतो. तोही पडतोच. पण तेवढ्या वेळात पडून पडून किती पडणार? गणित केलं तर अणूच्या गाभ्यातल्या एका प्रोटॉनच्या जाडीपेक्षाही कमी. म्हणून अण्णांची नजर चुकत नाही. गंमत अशी की विटेची वाट आणि किरणाची वाट, दोन्ही सारख्याच वळलेल्या असतात. जमिनीजवळ तो बाक एवढ्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो की त्याची त्रिज्या साधारण एक प्रकाशवर्ष भरते. मुलांना हे फळ्यावर दाखवते तेव्हा दर वर्षी एखादी मुलगी तरी मान वर करून खिडकीतून येणाऱ्या तिरिपेकडे बघते. त्यासाठीच मी शिकवते.

आणि वाट खालीच का वळते? कारण खाली काळ सावकाश चालतो. हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं की कुणालाही वाटतं बोलायची पद्धत असेल. तसं नाही, हे मोजलेलं आहे. 1960 च्या सुमारास हार्वर्डमध्ये साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात वरच्या आणि खालच्या टोकाला प्रकाशाच्या लाटांच्या ठेक्यातला फरक मोजला गेला. 2010 साली अमेरिकेत दोन अणुघड्याळं एकमेकांपेक्षा फक्त 33 सेंटीमीटर वरखाली ठेवली, तरी वरचं पुढे गेलेलं दिसलं. हिशेब केला तर तिसऱ्या मजल्यावरचं घड्याळ तळमजल्यावरच्या घड्याळापेक्षा वर्षभरात सेकंदाच्या साधारण तीन कोटीव्या हिश्श्यानं पुढे जातं. हातातल्या मोबाइलचा नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो त्यांची घड्याळं या कारणानं रोज 45 मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे 7 मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेले 38 वजा केले नाहीत तर दिवसभरात नकाशा दहा किलोमीटरहून जास्त चुकेल. पायाशी काळ किंचित मंद, डोक्याशी किंचित जलद. या एवढ्याशा फरकानं वीट खाली येते, पाऊस खाली येतो, अण्णा खाली आले.

वाकलेली जागा म्हणजे काय हे समजवायला बहुतेक ठिकाणी ताणलेल्या रबरी चादरीवर लोखंडी गोळा ठेवलेला दाखवतात. मला ते चित्र पटत नाही. चादर खाली जाते कारण गोळ्याला खालून पृथ्वी ओढते. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजवायला पुन्हा गुरुत्वाकर्षणच घेतलं. मी वर्गात माठ नेते. माठाच्या पोटावर, सर्वांत फुगीर भागावर, दोन बोटांच्या अंतरानं चिकटपट्टीचे दोन तुकडे उभे लावायला सांगते, अगदी समांतर. मग त्या पट्ट्या वर गळ्याकडे नेत जायच्या. अट एकच, सुरकुती पडू द्यायची नाही. सुरकुती पडली म्हणजे तुम्ही पट्टी मुद्दाम वळवली. मुलं जीव लावून चिकटवतात आणि वर पोचेपर्यंत दोन्ही पट्ट्या एकमेकींवर चढतात. कुणी वळवल्या? कुणीच नाही. प्रत्येक पट्टी आपल्यापरीनं नाकासमोर चालत होती. माठच तसा आहे.

प्रकाश हा असा नाकासमोर चालणारा आहे. सूर्याशेजारून जाताना तो वाकतो असं आपण म्हणतो, पण तो सुरकुती न पडू देता चाललेला असतो. माठ सूर्यानं वाकवलेला असतो.

किती वाकवलेला, यावर आइन्स्टाइनचा स्वतःचाच आकडा एकदा चुकला होता. 1911 साली त्यानं फक्त काळाचा फरक धरून हिशेब केला, आणि जुन्या पद्धतीनं प्रकाशाचा कण विटेसारखा पडतो असं मानून जे उत्तर येतं जवळपास तेच आलं. 1915 च्या नोव्हेंबरात बर्लिनला त्यानं पूर्ण समीकरणं मांडली तेव्हा उत्तर दुप्पट झालं: सूर्याच्या कडेला चाटून जाणारा किरण 1.75 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा हिस्सा) वळेल. दुप्पट का, तर काळ जेवढा वाकला आहे तेवढीच जागाही वाकली आहे. वीट सावकाश जाते, तिला जागेचा बाक फारसा भेटतच नाही. प्रकाश मात्र जेवढा काळ ओलांडतो तेवढीच जागा ओलांडतो, त्यामुळे त्याला दोन्ही सारखेच भोवतात.

1.75 विकला म्हणजे काय, तर दहा रुपयांचं नाणं सव्वातीन किलोमीटरवर धरलं तर ते जेवढं दिसेल तेवढा कोन. अण्णांच्या भाषेत, दहा फूट भिंत एवढी कलली तर वरच्या थराला केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा फरक पडेल. असली भिंत कुठलाही मिस्तरी पास करेल. आणि हे बघायचं ते सूर्याच्या शेजारी, जिथे तारे दिसतच नाहीत. त्यासाठी खग्रास ग्रहण हवं. त्या दोन-पाच मिनिटांत सूर्याभोवतीच्या ताऱ्यांचा फोटो घ्यायचा, तेच तारे रात्रीच्या आभाळात असतानाचा फोटो घ्यायचा आणि त्या फोटोंच्या काचेच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यात फरक मोजायचा.

1919 सालचं 29 मेचं ग्रहण सगळ्यांना माहीत असतं. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर, दुसरी तुकडी ब्राझीलमधल्या सोब्रालला. प्रिन्सिपेला ढग, तरी दोन पट्ट्या कामाच्या निघाल्या. उत्तरं आली 1.61 आणि 1.98. नोव्हेंबरात लंडनच्या सभेत निकाल जाहीर झाला आणि आइन्स्टाइन जगभर पोचला. मला यातली एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, ती माझी मला सापडली तेव्हा अंगावर काटा आला. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य कुठे असतो? आमच्याकडे शेतकऱ्याच्या कुठल्याही पोराला विचारा. 25 मेच्या आसपास रोहिणी निघते. पेरणीची आस लागते ती त्या दिवसांत, वळवाचा पाऊस पडला तर म्हातारी माणसं 'रोहिणी बरसली' म्हणतात. त्या ग्रहणात सूर्यामागे जे तारे होते ते रोहिणीजवळच्याच झुबक्यातले. उजेड वाकलेला माणसानं पहिल्यांदा पाहिला तो सूर्य रोहिणीत असताना. इकडे माझे पणजोबा तेव्हा आभाळाकडे पावसासाठी बघत असणार.

पण मला जास्त जवळचा वाटतो तो दुसराच माणूस, विल्यम कॅम्बेल. कारण तो आमच्या स्टेशनावर उतरला होता.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, जेऊर स्टेशनपासून आठ-दहा किलोमीटरवर. पुणे-सोलापूर रेल्वेवरचं हे जेऊर. पुण्याला शिकायला निघाले तेव्हा अण्णांनी मला इथूनच गाडीत बसवलं. 22 जानेवारी 1898 ला खग्रास ग्रहणाची सावली कोकणातून वर चढत, घाट ओलांडत जेऊरवरून विदर्भाकडे गेली. तिकडे विजयदुर्गाला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आले होते. किल्ल्यातल्या 'साहेबाच्या ओट्यां'शी लोक आजही त्यांचं नाव जोडतात. जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा तळ होता, आणि कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचा कॅम्बेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आला होता. चाळीस फूट! आमच्या माळावर, ज्वारीच्या रानांच्या शेजारी. खग्रास अवस्था इथे दोनेक मिनिटांची होती आणि फोटो उत्तम निघाले. तेव्हा कुणी प्रकाश वाकतो का हे बघायला आलं नव्हतं, सूर्याचं तेजोवलय बघायला आले होते. आइन्स्टाइन त्या वेळी झुरिकला शिकत होता, अठरा वर्षांचा.

त्या कॅमेऱ्यासाठी जमीन सपाट करायला, खांब उभे धरायला इथलीच माणसं लागली असणार. त्यांत एखादा गवंडी असेल, त्याच्या कमरेला ओळंबा असेल, असं माझं मन म्हणतं. पुरावा काही नाही. पण चाळीस फुटांची लांबी आभाळातल्या एका ठिकाणावर नेमकी रोखायची तर कुणीतरी कुठेतरी दोरी सोडून 'ठरू दे' म्हटलंच असेल.

पुढे कॅम्बेलला आइन्स्टाइनचा आकडा तपासायचा ध्यास लागला. 1914 च्या ऑगस्टमध्ये तो रशियात कीवजवळ गेला. ग्रहणाच्या वेळी ढग आले आणि महायुद्ध सुरू झालेलं, सामान तिथेच सोडून यावं लागलं. त्याच ग्रहणासाठी गेलेला जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रॉइंडलिश तर क्रिमियात पकडला गेला. हे अपयश आइन्स्टाइनच्या पथ्यावर पडलं म्हणायचं, कारण 1914 मध्ये त्याचा जाहीर आकडा तो जुना, निम्माच होता. 1918 साली अमेरिकेतच ग्रहण झालं, तर अडकलेली उपकरणं वेळेत परत आली नाहीत. उसन्या भिंगांवर भागवलं आणि निकाल ठामपणे मांडता येईल असा निघाला नाही. मग 1922. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर वॉलाल नावाची निर्जन जागा, वाळू आणि धूळ. तुलनेचे रात्रीचे फोटो काही महिने आधी ताहिती बेटावर काढून ठेवलेले. 21 सप्टेंबरला आभाळ स्वच्छ, खग्रास पाच मिनिटांहून जास्त. सहकारी ट्रम्पलरबरोबर महिनोन् महिने मोजमाप करून त्यानं जो आकडा दिला तो 1.72, आणि त्यात चूक असली तर 0.11 ची. एडिंग्टनच्या निकालाबद्दल ज्यांच्या मनात शंका होती त्यांचीही त्यानंतर खात्री पटली. जेऊरच्या माळानंतर चोवीस वर्षांनी. मी गावी जाते तेव्हा स्टेशनाबाहेर पाच मिनिटं उभी राहते. तिथे पाटी वगैरे काही नाही. असावी असं मला मनापासून वाटतं.

नजर वाकते हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. ओळंबाही वाकतो हे सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

एकोणिसाव्या शतकात भारतभर जमिनीची मोजणी चालली होती. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेकडे हिमालयाच्या अंगाला कलियाना, या दोन ठिकाणांमधलं अक्षांशाचं अंतर दोन तऱ्हांनी काढलं: एकदा जमिनीवर साखळी आणि त्रिकोण टाकून, एकदा ओळंब्याच्या आधारानं तारे मोजून. उत्तरांत 5.24 विकलांचा फरक पडला, जमिनीवर सुमारे 160 मीटर. कलकत्त्याचे धर्मगुरू जॉन प्रॅट गणिती होते. त्यांनी हिशेब केला की हिमालयाचा एवढा डोंगर ओळंब्याला आपल्याकडे ओढणारच. पण त्यांच्या हिशेबानं फरक जवळजवळ 16 विकलांचा यायला हवा होता, तिप्पट. मग हिमालय कमी का ओढतो? 1855 मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज एअरीनं उत्तर सुचवलं: जेवढा डोंगर वर दिसतो त्याहून खोल त्याचं मूळ खालच्या जड थरात बुडालेलं आहे, आणि ते मूळ हलक्या दगडाचं आहे. पाण्यावर ओंडका तरंगतो तसा हिमालय तरंगतो. एका ओळंब्याच्या केसभर कलण्यातून डोंगराखालचं पोट दिसलं.

"म्हंजी गोळा डोंगराकडं सरकला," अण्णा म्हणाले. "आन् आमी त्यालाच सरळ म्हनायचं."

"दुसरं काय म्हणणार? तुमच्या लेव्हल पाइपातलं पाणीसुद्धा तसंच. समुद्राचं पाणी सगळीकडे सारख्या पातळीवर असतं असं वाटतं ना? श्रीलंकेच्या दक्षिणेला ते शंभर मीटरहून जास्त खाली बसलंय. तिथे गुरुत्वाकर्षण जरा कमी आहे म्हणून."

बराच वेळ ते गप्प राहिले. मला वाटलं दुखावले. मग म्हणाले, "भिंतीला काय, तिला खालीच जायाचं असतंय. खाली जिकडं हाय तिकडं ती उबी ऱ्हायली म्हंजी झालं."

हे त्यांचं वाक्य मी त्यानंतर प्रत्येक तुकडीला सांगितलं आहे. बाहेरून आणलेली, डोंगरापासून आणि सूर्यापासून अलिप्त अशी एखादी सरळ रेघ विश्वात कुठे ठेवलेली नाही. त्या त्या जागी वस्तू अडवल्याशिवाय जाईल ती वाट, तीच तिथली सरळ.

गेल्या हिवाळ्यात आम्ही औंढा नागनाथला गेलो. आईला ज्योतिर्लिंगाचं दर्शन घ्यायचं होतं, मला आणखी एक कारण होतं. हिंगोली जिल्ह्यातल्या याच औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभी राहायची आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेत अशा दोन आहेत. 14 सप्टेंबर 2015 ला त्यांनी पहिली लहर पकडली: 130 कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती आणि तीन सूर्यांएवढं वस्तुमान जागेच्या थरथरण्यात विरून गेलं होतं. ती थरथर आपल्यापर्यंत पोचली तेव्हा चार किलोमीटरच्या लांबीत फरक पडला तो प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास.

देवळाच्या मागच्या बाजूला सावलीत बसून मी अण्णांना हे सांगत होते. समोर जोत्याचे कोरीव थर होते आणि ते मधूनच एक डोळा मिटून त्यांच्या कडेनं बघत होते. मी म्हटलं, "अण्णा, तिथे काय करणार आहेत माहितीय? चाळीस किलोचे आरसे काचेच्या तंतूंनी टांगायचे. तंतूची जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. एक आरसा या टोकाला, दुसरा चार किलोमीटरवर. आणि मधून उजेड सोडायचा. उजेडाला जायला-यायला किती वेळ लागतो त्यावरून जागा ताणली की आकसली ते बघायचं."

"म्हंजी ओळंबे टांगायचे आन् नजर लावायची."

"होय."

त्यांनी पिशवीत हात घातला, पण ओळंबा बाहेर काढला नाही, नुसता धरून ठेवला. "चार किलोमीटर," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पोरी, तू म्हनतीस समदं मधल्या बिंदूकडं पडतंय, पृथ्वीच्या पोटात. मग ह्या टोकाचा ओळंबा आन् त्या टोकाचा ओळंबा, दोन्ही उबे आसूनबी येकमेकाला जुळनार न्हाईत. वर फाकनार, खाली जवळ येनार."

मी दोन वर्षं एम.एस्सी. केलं, चौदा वर्षं शिकवते आहे, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. माठावरच्या पट्ट्या मी स्वतःच्या हातानं लावते आणि तरीही. मोबाइल काढून हिशेब केला. चार किलोमीटर भागिले पृथ्वीची त्रिज्या: सुमारे 130 विकला, दोन कलांहून जरा जास्त. सूर्य उजेडाला वाकवतो त्याच्या सत्तर पटींहून जास्त. दोन्ही आरसे आपापल्या जागी अगदी ओळंब्यात असूनही एकमेकांशी एवढे तिरपे. शिवाय उजेड नाकासमोर जाणार, जमीन मात्र गोल. चार किलोमीटरमध्ये ती मीटरभराहून जास्त खाली जाते. अमेरिकेत तो फरक धरूनच काँक्रीट ओतलं होतं. मी हे सगळं त्यांना सांगितलं.

"पाया घालनाऱ्याला हे आदी सांगाया पायजे," ते म्हणाले.

आई प्रसाद घेऊन आली. थोडा वेळ आम्ही नुसतेच बसलो. डिसेंबरचा वारा होता, देवळासमोरची पताका फडफडत होती. अण्णांनी ओळंबा काढला, हात लांब करून दोरी सोडली. गोळा झुलत राहिला. त्यांनी दुसऱ्या हाताचा आडोसा केला तरी तो थांबेना.

"आन् तितं वारा?" त्यांनी विचारलं. "येवढ्या लांब, येवढ्या बारीक दोऱ्यावर. वाऱ्याचं काय करत्यात?"

"वारा नसतोच, अण्णा. चार किलोमीटरच्या नळीतली सगळी हवा काढून टाकतात."

त्यांनी दोरी बोटाला गुंडाळून घेतली आणि गोळा तळहातावर ठेवला.

"मग ठरंल," ते म्हणाले.